जड क्वार्कांचे असामान्य कण : वस्तुमानांची भाकिते

जड क्वार्कांचे असामान्य कण : चार्म वा बॉटम या जातींचा निदान एक जड क्वार्क ज्यांत असतो आणि ज्यांची घडण नेहमीच्या तीन क्वार्कांची (बॅरिऑन) किंवा क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्या जोडीची (मेसॉन) नसते, अशा कणांना ही संज्ञा लावतात. चार घटकांचे चतुःक्वार्क आणि पाच घटकांचे पंचक्वार्क हे यांतील प्रमुख प्रकार होत. असा कण प्रयोगात आढळण्यापूर्वी त्याचे वस्तुमान गणिताने किती अचूक सांगता येते, हा प्रश्न १९६० नंतरच्या मूलकण भौतिकीत सातत्याने विचारला गेला आहे. क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या प्रबल परस्परक्रियेचे ज्ञान कितपत पक्के आहे, हे या भाकितांवरून पारखता येते. प्रस्तुत नोंदीत या भाकितांचा इतिहास, त्यांतील यशापयश आणि त्यांवरून निघणारे निष्कर्ष यांचे विवेचन केले आहे. (पहा : क्वार्क, मूलकण).

कणांची वस्तुमाने ऊर्जेच्या एककात, म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये (संक्षेप : मेइव्हो.) देण्याचा प्रघात आहे. प्रोटॉनाचे वस्तुमान ९३८ मेइव्हो. आहे.

समस्येचे स्वरूप : अणूचे वस्तुमान त्याच्या घटकांच्या वस्तुमानांच्या बेरजेइतके जवळजवळ असते, बंधन-ऊर्जेमुळे पडणारा फरक अत्यल्प असतो. हॅड्रॉनांच्या बाबतीत असे घडत नाही. प्रोटॉनातील दोन अप व एक डाउन या क्वार्कांची मूळ वस्तुमाने मिळवली, तर बेरीज १० मेइव्हो.पेक्षाही कमी भरते. म्हणजे प्रोटॉनाच्या वस्तुमानाचा सुमारे एक शतांशच. उरलेले सर्व वस्तुमान क्वार्कांच्या गतीमुळे आणि त्यांना बांधणाऱ्या ग्लुऑन क्षेत्राच्या ऊर्जेमुळे येते. या क्षेत्राचे नियम सांगणारा सिद्धांत म्हणजे पुंज वर्णगतिकी. डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्झेक व डेव्हिड पोलित्झर यांनी १९७३ मध्ये दाखविले की, क्वार्क परस्परांच्या अगदी निकट असताना त्यांच्यातील परस्परक्रिया दुर्बल होते. या कार्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि हॅड्रॉनाच्या आकारमानाएवढ्या अंतरावर ही परस्परक्रिया इतकी प्रबळ असते की, नेहमीच्या क्रमिक आसन्नीकरणाच्या पद्धतीने तिचे गणित करता येत नाही.

जड क्वार्कांमुळे हा प्रश्न काहीसा सुकर होतो. चार्म क्वार्काचे मूळ वस्तुमान सुमारे १,२७० मेइव्हो. व बॉटम क्वार्काचे सुमारे ४,१८० मेइव्हो. आहे. जड क्वार्क कणाच्या आत तुलनेने मंद गतीने फिरतात, त्यामुळे त्यांना अणूतील इलेक्ट्रॉनांप्रमाणे पुंज यामिकीची साधी समीकरणे लावता येतात. असामान्य कणांच्या अभ्यासात जड क्वार्कांना महत्त्व आले, त्याचे हे एक कारण होय.

आरंभीची भाकिते : वस्तुमानाचे पहिले गाजलेले भाकीत क्वार्क कल्पनेच्याही आधीचे आहे. मरी गेल-मान व युवाल नेमन यांनी हॅड्रॉनांचे सममितीवर आधारलेले वर्गीकरण मांडले होते. त्यातील दहा कणांच्या कुटुंबात डेल्टा (१,२३२), सिग्मा-तारांकित (१,३८५) आणि क्साय-तारांकित (१,५३०) यांची वस्तुमाने जवळजवळ समान, म्हणजे सुमारे १५० मेइव्हो.च्या, अंतराने वाढत जातात. रिकाम्या राहिलेल्या दहाव्या जागेवरील कणाचे वस्तुमान सुमारे १,६८० मेइव्हो. असावे, असे गेल-मान यांनी १९६२ मध्ये सांगितले. १९६४ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ओमेगा-ऋण हा कण त्याच सुमारास आढळला. त्याचे आधुनिक मूल्य १,६७२ मेइव्हो. आहे.

त्याच वर्षी गेल-मान व जॉर्ज त्स्वाइग यांनी स्वतंत्रपणे क्वार्क प्रतिकृती मांडली. दोन क्वार्क व दोन प्रतिक्वार्क, किंवा चार क्वार्क व एक प्रतिक्वार्क अशा जुळण्याही शक्य असल्याचे या पहिल्या लेखांतच सूचित केलेले होते. म्हणजे असामान्य कणांची कल्पना क्वार्कांच्या कल्पनेइतकीच जुनी आहे. मात्र असे कण पुढे अनेक वर्षे निर्विवादपणे आढळले नाहीत.

चार्मोनियम व वर्चस् प्रतिकृती : नोव्हेंबर १९७४ मध्ये ब्रुकहेवन येथे सॅम्युएल टिंग यांच्या आणि स्टॅनफर्ड येथे बर्टन रिक्टर यांच्या गटांना ३,०९७ मेइव्हो. वस्तुमानाचा जे/साय हा कण मिळाला. तो चार्म व प्रतिचार्म यांच्या जोडीचा (चार्मोनियमाचा) असल्याचे लवकरच स्पष्ट झाले. टिंग व रिक्टर यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. कॉर्नेल विद्यापीठातील एस्टिया आइक्टेन, कर्ट गॉटफ्रीड, टोइचिरो किनोशिता, केनेथ लेन व तुंग-मो यान यांनी या जोडीसाठी दोन पदांचे वर्चस् सुचविले. पहिले पद विद्युत् आकर्षणाप्रमाणे अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते, तर दुसरे अंतराच्या सम प्रमाणात वाढत जाते. अंतर वाढेल तशी लागणारी ऊर्जाही वाढत जाते, म्हणून क्वार्क सुटा करता येत नाही. या साध्या प्रतिकृतीने चार्मोनियमाच्या ऊर्जापातळ्यांची मांडणी समाधानकारक रीत्या सांगता आली. १९७७ मध्ये फर्मी प्रयोगशाळेत लिऑन लेडरमन यांच्या गटाने बॉटम क्वार्काचा ऊप्सिलॉन (९,४६० मेइव्हो.) शोधून काढल्यावर तेथेही ती उपयोगी पडली.

असामान्य कणांबाबत याच काळात तीन भिन्न विचार पुढे आले. १९७६ मध्ये मिखाईल व्होलोशिन व लेव्ह ओकुन यांनी दोन चार्मयुक्त मेसॉन परस्परांना सैलपणे बांधले जाऊन ‘रेणू’ बनेल, असे सुचविले. १९७७ मध्ये रॉबर्ट जॅफी यांनी सर्व क्वार्क एकाच पिशवीत कोंडलेले आहेत असे मानून सहा क्वार्कांच्या एका कणाचे वस्तुमान सुमारे २,१५० मेइव्हो. काढले. १९८२ मध्ये झां-पॉल आदेर, झां-मार्क रिशार व पिएर ताक्सील यांनी दाखविले की, दोन जड क्वार्क व दोन हलके प्रतिक्वार्क यांच्या जुळणीत जड व हलक्या घटकांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर पुरेसे मोठे असेल, तर ती स्थिर राहील. जॅफी यांच्या सहा हलक्या क्वार्कांच्या कणाचा शोध अनेक प्रयोगांतून घेण्यात आला. भाकिताइतका घट्ट बांधलेला असा कण मात्र आढळला नाही.

थीटा-धनचे उदाहरण : भाकितातील आकडा जुळला म्हणजे सिद्धांत सिद्ध झाला, असे मानणे किती धोक्याचे आहे, हे थीटा-धन या पंचक्वार्काच्या प्रकरणात दिसून आले. दिमित्री द्याकोनोव्ह, व्हिक्टर पेत्रोव्ह व मॅक्सिम पोल्याकोव्ह यांनी १९९७ मध्ये १,५३० मेइव्हो. वस्तुमानाचा व अतिशय अरुंद रुंदीचा पंचक्वार्क असावा, असे भाकीत केले. यात जड क्वार्क नव्हता. २००३ मध्ये जपानमधील स्प्रिंग-८ येथील प्रयोगात १,५४० मेइव्हो.वर एक शिखर दिसले. त्यापाठोपाठ सुमारे दहा प्रयोगांनी त्याला दुजोरा दिल्याचे जाहीर केले. प्रत्येक ठिकाणी घटनांची संख्या मात्र लहान होती. २००५ मध्ये अमेरिकेतील जेफरसन प्रयोगशाळेत बऱ्याच अधिक घटना गोळा करण्यात आल्या, तेव्हा शिखराचा मागमूसही राहिला नाही. २००८ पर्यंत हा कण अस्तित्वात नसल्याचे सर्वसाधारणपणे मान्य झाले. अपेक्षित स्थान आधीच ठाऊक असले की, तेथील यादृच्छिक चढउतारही कणासारखा भासू शकतो, हा या प्रकरणाचा धडा होय. यानंतरच्या प्रयोगांत सांख्यिकीय कसोट्या अधिक कडक करण्यात आल्या.

एक्स (३८७२) : २००३ मध्येच जपानच्या त्सुकुबा येथील बेल प्रयोगात बी मेसॉनांच्या क्षयात ३,८७२ मेइव्हो. वस्तुमानाचा एक कण आढळला. साध्या चार्मोनियमाच्या चौकटीत तो बसेना. त्याच्याशी जुळणाऱ्या पातळीचे वर्चस् प्रतिकृतीतील वस्तुमान सुमारे ३,९५० मेइव्हो. होते. उलट, फिनलंडमधील निल्स टर्नक्विस्ट यांनी १९९४ मध्ये डी व डी-तारांकित या मेसॉनांचा ड्यूटेरॉनसदृश रेणू सुमारे ३,८७० मेइव्हो.वर असावा, असे म्हटले होते. या दोन उदासीन मेसॉनांच्या वस्तुमानांची बेरीज ३,८७१.७ मेइव्हो. आहे, आणि एक्स (३८७२) चे मोजलेले वस्तुमान तिच्याशी ०.१ मेइव्हो.च्या आतबाहेर जुळते. त्याचे परिवलन व समता एलएचसीबी प्रयोगाने २०१३ मध्ये निश्चित केली. तीही टर्नक्विस्ट यांच्या अपेक्षेप्रमाणेच ठरली.

येथे एक नवी अडचण पुढे आली. कणाचे वस्तुमान दोन मेसॉनांच्या बेरजेच्या, म्हणजे विघटन-सीमेच्या, इतके निकट असेल, तर तो रेणू आहे की त्यात चार्मोनियमाचाही अंश आहे, हे केवळ वस्तुमानावरून ठरत नाही. एक्स (३८७२) च्या घडणीविषयी मतभेद त्यामुळेच टिकून राहिले. २०१३ मध्ये चीनमधील बेस-३ आणि जपानमधील बेल या प्रयोगांना मिळालेला झेड-सी (३९००) हा कण मात्र विद्युत् भारित होता. चार्म व प्रतिचार्म यांची जोडी विद्युत् उदासीन असल्याने या कणात निदान चार घटक असलेच पाहिजेत, हे उघड होते.

पंचक्वार्क : जिया-जुन वू, राकेल मोलिना, एउलोखियो ओसेत व बिंग-साँग झोऊ यांनी २०१० मध्ये सिग्मा-सी बॅरिऑन व प्रति-डी मेसॉन यांच्या बंधनातून ४,२६० ते ४,२७० मेइव्हो.च्या दरम्यान अरुंद कण मिळेल, असे भाकीत केले. सर्न येथील एलएचसीबी प्रयोगाने २०१५ मध्ये चार्मयुक्त पंचक्वार्कांची पहिली नोंद केली आणि २०१९ मध्ये सुमारे नऊपट घटनांच्या आधारे ४,३१२, ४,४४० व ४,४५७ मेइव्हो. असे तीन अरुंद कण वेगळे काढले. यांपैकी पहिला कण सिग्मा-सी व प्रति-डी यांच्या विघटन-सीमेखाली केवळ ६ मेइव्हो. आहे. भाकिताचे सूत्र बरोबर होते, परंतु बंधन-ऊर्जा वाजवीपेक्षा ४० ते ५० मेइव्हो.नी अधिक धरली गेली होती. पंचक्वार्क असणार हे सांगणे आणि तो कोठे असणार हे सांगणे, या दोहोंतील अंतर यावरून लक्षात येते.

दोन चार्म क्वार्कांचे कण : भाकितांची सर्वांत बोलकी कसोटी दोन चार्म क्वार्क असलेल्या कणांत लागली. फर्मी प्रयोगशाळेतील सेलेक्स गटाने २००२ मध्ये दोन चार्म व एक डाउन क्वार्काचा बॅरिऑन ३,५१९ मेइव्हो.वर मिळाल्याचे जाहीर केले होते, पण इतर प्रयोगांना तो आढळला नाही. २०१४ मध्ये मारेक कार्लिनर व जोनाथन रोझनर यांनी अशा बॅरिऑनाचे वस्तुमान ३,६२७ ± १२ मेइव्हो. काढले. त्यांची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. बॅरिऑनातील चार्म क्वार्काचे प्रभावी वस्तुमान १,७१०.५ आणि हलक्या क्वार्काचे ३६३ मेइव्हो. ही मूल्ये त्यांनी ज्ञात बॅरिऑनांवरून घेतली. दोन चार्म क्वार्कांमधील बंधन-ऊर्जा चार्मोनियमावरून काढली : चार्म व प्रतिचार्म यांच्यात ती २५८ मेइव्हो. असते आणि वर्णगुणकाच्या नियमाने दोन चार्म क्वार्कांमध्ये तिच्या निम्मी, म्हणजे १२९ मेइव्हो. धरली. यात परिवलनांच्या परस्परक्रियेची दोन लहान पदे मिळवली. ३,४२१ + ३६३ − १२९ + १४.२ − ४२.४ ही बेरीज ३,६२६.८ येते. २०१७ मध्ये एलएचसीबी प्रयोगाला दोन चार्म व एक अप क्वार्काचा बॅरिऑन ३,६२१ मेइव्हो.वर मिळाला. अप व डाउन क्वार्कांची अदलाबदल केल्याने वस्तुमानात काही थोड्या मेइव्हो.चाच फरक पडतो. म्हणून २००२ मधील आकडा या मापनाशी जुळवून घेता येत नाही.

हीच रीत पुढे चतुःक्वार्कांना लावण्यात आली. दोन चार्म क्वार्क व प्रति-अप, प्रति-डाउन यांच्या जुळणीचे वस्तुमान कार्लिनर व रोझनर यांनी २०१७ मध्ये ३,८८२ ± १२ मेइव्हो. दिले. त्याच वेळी आइक्टेन व क्रिस क्विग यांनी वेगळा मार्ग अवलंबिला. दोन जड क्वार्कांची निकट जोडी वर्णाच्या दृष्टीने एका प्रतिक्वार्कासारखी वागते, हे तत्त्व घेऊन त्यांनी ज्ञात कणांच्या वस्तुमानांतील फरकांवरून ३,९७८ मेइव्हो. हे मूल्य काढले. २०२१ मध्ये एलएचसीबी प्रयोगाने हा चतुःक्वार्क, टी-सीसी, जाहीर केला. त्याचे वस्तुमान ३,८७५ मेइव्हो. निघाले. पहिले भाकीत आपल्या अनिश्चिततेच्या मर्यादेत बरोबर ठरले, तर दुसरे सुमारे १०० मेइव्हो.नी चुकले.

परंतु एवढ्यावरून पहिल्या भाकितामागील चित्र, म्हणजे चारही क्वार्क एकाच लहान गाठोड्यात आहेत ही कल्पना, सिद्ध होत नाही. टी-सीसी हा डी व डी-तारांकित मेसॉनांच्या विघटन-सीमेखाली केवळ ०.३ मेइव्हो.च्या सुमारास आहे. ड्यूटेरॉनाची बंधन-ऊर्जा २.२ मेइव्हो. असते, टी-सीसी त्याहूनही सैल बांधलेला आहे. इतका सैल कण आकाराने मोठा असतो व त्याचे दोन्ही मेसॉन बराच काळ परस्परांपासून दूर असतात. ± १२ मेइव्हो. अनिश्चिततेचे भाकीत ०.३ मेइव्हो.च्या प्रश्नाचा निकाल देऊ शकत नाही. म्हणून भाकिताची किंमत ठरविताना आकडा किती जवळ आला, याबरोबरच त्याची अनिश्चितता विघटन-सीमेपासूनच्या अंतराच्या तुलनेत किती आहे, हेही पाहावे लागते.

जालक गणन : प्रतिकृतीचा आधार न घेता पुंज वर्णगतिकीच्या मूळ समीकरणांवरून वस्तुमान काढण्याचा मार्ग केनेथ विल्सन यांनी १९७४ मध्ये दाखविला. यात अवकाश व काल यांऐवजी बिंदूंचे एक जालक घेतात आणि महासंगणकावर त्याचे गणन करतात. क्वार्कांची वस्तुमाने व परस्परक्रियेचे बल एवढीच माहिती यात बाहेरून द्यावी लागते. या पद्धतीने २००४ मध्ये बॉटम व चार्म यांच्या जोडीच्या बी-सी मेसॉनाचे वस्तुमान ६,३०४ मेइव्हो. काढण्यात आले, लगेच पुढे फर्मी प्रयोगशाळेतील सीडीएफ प्रयोगात ते सुमारे ६,२८६ मेइव्हो. मोजले गेले. २००८ मध्ये प्रोटॉन व इतर हलक्या हॅड्रॉनांची वस्तुमानेही काही शतांशांच्या अचूकतेने मिळाली.

या क्षेत्रात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वाटा आहे. तेथील नीलमणी माथुर आणि त्यांचे सहकारी परीक्षित जुन्नरकर व एम. पद्मनाथ यांनी दोन जड क्वार्कांच्या चतुःक्वार्कांचे जालक गणन केले व ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये माथुर, पद्मनाथ व देबशुभ्र चक्रवर्ती यांनी सहाही बॉटम क्वार्क असलेला द्विबॅरिऑन घट्ट बांधलेला असावा, असा निष्कर्ष मांडला. प्रयोगात असा कण निर्माण करणे अत्यंत कठीण आहे. तथापि तो घट्ट बांधलेला असल्यास प्रबल परस्परक्रियेच्या स्वरूपाविषयी त्यापासून महत्त्वाचा बोध होतो.

उरलेली कसोटी : दोन बॉटम क्वार्क व प्रति-अप, प्रति-डाउन यांचा चतुःक्वार्क, टी-बीबी, हे या सर्व भाकितांचे समाईक लक्ष्य आहे. दोन बॉटम क्वार्क परस्परांच्या अधिक निकट राहू शकतात, त्यामुळे त्यांच्यातील बंधन-ऊर्जा मोठी असते. १९८२ मधील निष्कर्षाचा आशयही हाच होता. बी व बी-तारांकित मेसॉनांची विघटन-सीमा १०,६०४ मेइव्हो. आहे. कार्लिनर व रोझनर यांच्या मते टी-बीबी तिच्याखाली २१५ मेइव्हो., आइक्टेन व क्विग यांच्या मते १२१ मेइव्हो. असावा. जालक गणनांपैकी अँथनी फ्रान्सिस व सहकाऱ्यांचे २०१७ मधील मूल्य १८९ मेइव्हो. आणि मुंबईच्या गटाचे १४३ ± ३४ मेइव्हो. आहे. आकड्यांत फरक असला, तरी हा कण प्रबल परस्परक्रियेने मोडणार नाही, केवळ दुर्बल परस्परक्रियेने क्षय पावेल, याबाबत या सर्वांचे एकमत आहे. तसे झाल्यास तो इतर असामान्य कणांच्या मानाने दीर्घायुषी ठरेल.

येथे भाकितांची अनिश्चितता विघटन-सीमेपासूनच्या अंतरापेक्षा बरीच लहान आहे. शंभराहून अधिक मेइव्हो. खोल बांधलेला कण दोन मेसॉनांचा सैल रेणू असू शकत नाही. त्यामुळे टी-सीसीने अनिर्णित ठेवलेला प्रश्न टी-बीबीच्या वस्तुमानाच्या मापनाने सुटू शकतो. तथापि त्याच्या निर्मितीसाठी एकाच आघातात बॉटम व प्रतिबॉटम यांच्या दोन जोड्या निर्माण होऊन दोन्ही बॉटम क्वार्क एकत्र येणे आवश्यक असते, आणि असे क्वचितच घडते. २०२४ अखेरपर्यंत हा कण प्रयोगात आढळलेला नव्हता. तो मिळाल्यास मोजलेले वस्तुमान १०,३८९ व १०,४८२ मेइव्हो. या दोन प्रसिद्ध भाकितांपैकी कोणाच्या जवळ येते, यावरून जड जोडीच्या बंधनाची कोणती मांडणी ग्राह्य धरावी, हे ठरविता येईल. आणि तो अपेक्षित क्षेत्रात नसल्याचे निष्पन्न झाल्यास चार दशकांची ही विचारसरणी मुळापासून तपासावी लागेल.